अजिंठ्याची भिंत आणि दिङ्नागाचा प्रश्न

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोके एकच आहे. एका हरणावर नजर ठेवली की डोके त्याचे. नजर शेजारच्यावर सरकवली की तेच डोके आता त्याने वळवलेले. दगड हललेला नसतो, उजेड बदललेला नसतो, तरी दिसणारे बदललेले असते. खानदेशातल्या एका शाळेत मी सारी नोकरी चित्रकला शिकवण्यात घालवली. सहल अजिंठ्याला गेली की पद्मपाणीकडे नेण्याआधी मी मुलांना या खांबापाशी उभे करायची आणि विचारायची, डोके कोणाचे? प्रत्येकाला आपलेच हरीण खरे वाटायचे. मग मी दुसरा प्रश्न टाकायची: तुम्ही नक्की काय पाहिलेत? दगड, हरीण, की तुमच्या मनाने लावलेली जुळणी?

हा दुसरा प्रश्न माझा नाही. तो दीड हजार वर्षांहून जुना आहे, आणि तो ज्याने सगळ्यांत धारदार करून मांडला तो माणूस याच डोंगरात राहून गेला, अशी नोंद आहे.

चिनी यात्रेकरू युआन श्वांग, शालेय पुस्तकांतला ह्युएन त्संग, इसवी सन ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात आला. बदामीच्या चालुक्यांचा दुसरा पुलकेशी तेव्हा राज्य करत होता. आपल्या प्रवासवर्णनात युआन श्वांग या देशाच्या पूर्व सीमेवरच्या डोंगररांगेतल्या एका विहाराची हकिकत देतो. अंधाऱ्या दरीत कातळ फोडून केलेली दालने, भिंतींवर बुद्धाच्या बोधिसत्त्व-काळातले प्रसंग, दाराबाहेर दोन बाजूंना दगडी हत्ती. हे हत्ती कधी कधी चीत्कारतात आणि धरणी हादरते, असे लोक सांगत, तेही त्याने लिहून ठेवले. हा विहार आचार नावाच्या अर्हताने बांधवला असे तो म्हणतो, आणि पुढे सांगतो की बोधिसत्त्व दिङ्नाग पूर्वी इथे पुष्कळदा येऊन राहत असे.

बहुतेक अभ्यासक हा विहार म्हणजे अजिंठा असे मानतात. सोळाव्या लेण्याकडे चढताना पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना गुडघे टेकलेले हत्ती आजही आहेत. सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात अचल नावाच्या स्थविराने बांधवलेल्या शैलगृहाचा उल्लेख आहे. यात्रेकरूच्या कानावर पडलेले नाव आणि कातळावर कोरलेले नाव इतके जवळ यावे, याला मी मोठा पुरावा मानते.

दिङ्नागाचा काळ साधारण ४८० ते ५४० असा धरतात. तिबेटी परंपरेप्रमाणे तो मूळ कांचीकडचा. अजिंठ्याची मोठी लेणी वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. सोळावे त्याचा मंत्री वराहदेव याने कोरवले, सव्विसावे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने. म्हणजे दिङ्नाग इथे येऊन राहिला असेल तर त्याने पाहिलेली चित्रे नवी होती. त्यांतला आज काळवंडलेला निळा रंग त्याच्या डोळ्यांसमोर बदख्शानातून आलेल्या राजावर्ताचा ताजा निळा होता.

आता त्याचा प्रश्न. त्याचा 'प्रमाणसमुच्चय' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध आहे, पण माझ्यासारख्या रंगाच्या माणसाला जवळचा वाटतो तो 'आलंबनपरीक्षा' नावाचा अगदी छोटा ग्रंथ. आठ श्लोक आणि त्यांवरची त्याची स्वतःची वृत्ती, एवढाच. विषय एकच: ज्ञान ज्याला धरून उभे राहते ती वस्तू कोणती? दिङ्नाग आधी कसोटी ठरवतो आणि मग एकेक उमेदवार तिच्यावर घासून पाहतो. कसोटी दुहेरी आहे. जी वस्तू मला दिसली असे मी म्हणते, तिच्यामुळेच माझे ज्ञान उपजलेले असले पाहिजे. आणि त्या ज्ञानात जो आकार उमटला आहे तो तिचाच असला पाहिजे. दोन्ही अटी एकाच वस्तूने पुऱ्या केल्या तरच ती आलंबन.

पहिला उमेदवार परमाणू. ज्ञानाला ते कारण होत असतील, पण परमाणूचा आकार कोणाच्याच ज्ञानात उमटत नाही. पहिली अट पुरी, दुसरी फसली. दुसरा उमेदवार परमाणूंचा समूह. त्याचा आकार उमटतो खरा, पण समूह म्हणून वेगळी वस्तूच अस्तित्वात नाही, मग ती काही उपजवणार कशी? दृष्टिदोष असलेल्याला दोन चंद्र दिसतात. दुसऱ्या चंद्राचा आकार ज्ञानात आहे, पण त्या ज्ञानाला कारण झालेला दुसरा चंद्र आकाशात नाही. तिसरे मत असे की परमाणूंमध्येच समूहाचा आकार वसतो. त्यावर दिङ्नाग विचारतो, मग घट आणि वाडगा वेगळे का दिसतात? मातीचे परमाणू तर दोन्हीकडे सारखेच गोल आणि सारखेच सूक्ष्म. फरक मांडणीत आहे, परमाणूत नाही. तेव्हा त्याचा निष्कर्ष: ज्ञानाचे आलंबन बाहेर नाही. ज्ञानाच्या आतच वस्तूसारखा जो आकार भासतो तोच दोन्ही अटी पुऱ्या करतो.

हे नुसते वाचले तर शब्दांचा कीस वाटतो. मी ते रंगाच्या वाटीशी बसून समजून घेतले. अजिंठ्याच्या चित्रकारांनी आधी कातळावर माती, शेण, भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. रंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तांबडी आणि पिवळी गेरू, दिव्याची काजळी, पांढरी माती, हिरवा दगड आणि नंतरच्या लेण्यांत तो परदेशी निळा. पद्मपाणीच्या खांद्यावर जी पिवळसर तांबूस माती आहे तीच शेजारच्या राजवाड्याच्या खांबावर आहे. कणाला विचारले तर तो दोन्हीकडे एकच उत्तर देईल. मग करुणा कुठे आहे? झुकलेली पापणी कुठे आहे? दिङ्नागाचा घट आणि वाडगा इथे भिंतीवर शेजारी शेजारी मांडलेले आहेत.

मला हे उलगडून सांगणारे गुरुजी अमळनेरचे. अमळनेरला १९१६मध्ये श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, आणि बोरीकाठच्या या गिरणीच्या गावात देशभरचे तत्त्वचिंतक राहायला येऊ लागले. साने गुरुजी शिक्षक होण्यापूर्वी तिथे विद्यार्थी होते. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत १९३०च्या दशकात तिथे संचालक होता. माझे गुरुजी पुष्कळ नंतरच्या पिढीतले, महाविद्यालयात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे मी 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राचा प्रवेशग्रंथ शिकले. पुस्तक आठल्ये आणि बोडस यांच्या आवृत्तीचे, मूळ १८९७मध्ये मुंबईत निघालेले. शेजारी भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश'. अडले की कोश उघडायचा, असा शिरस्ता. न्यायशास्त्राच्या पारिभाषिक शब्दांचा हा प्रचंड कोश १८७४मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातल्या एका शास्त्र्याने रचला. जगभरचे अभ्यासक आजही तो वापरतात, आणि आपल्याकडे त्यांचे नाव किती जणांना ठाऊक असते याचे मला वाईट वाटते.

दिङ्नागाचा युक्तिवाद ऐकून मी गुरुजींना म्हटले, "म्हणजे भिंतीवर चित्र नाहीच?"

ते म्हणाले, "बाई, घाई करू नका. नैयायिकांचे अजून ऐकायचे आहे."

नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचे, उत्तर दिङ्नागाच्याही आधीपासून तयार होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत दुसऱ्या अध्यायात हा वाद आहे. प्रतिपक्षी म्हणतो, तुम्हाला झाडाची समोरची बाजू तेवढी दिसते, अख्खे झाड तुम्ही अनुमानाने ठरवता. मग प्रत्यक्ष हे वेगळे प्रमाण उरलेच कुठे? सूत्रकार आधी एवढेच दाखवतो की निदान तेवढा भाग तरी प्रत्यक्ष दिसला, हे तुम्हीच कबूल केले. आणि मग पुढे जातो. अवयवांहून वेगळा असा एक अवयवी असतो. झाड म्हणजे फांद्या-पानांची बेरीज नव्हे. बेरजेवर काम भागले असते तर एक टोक धरून ओढल्यावर अख्खी वस्तू ओढली गेली नसती. प्रतिपक्षी म्हणतो, लांबून सैन्य एक दिसते, अरण्य एक दिसते, प्रत्यक्षात असतात सुटी माणसे आणि सुटी झाडे. परमाणूंचेही तसेच समजा. यावरचे उत्तर मला भारतीय तत्त्वज्ञानातल्या सर्वांत नेमक्या उत्तरांपैकी एक वाटते. सैनिक जवळ गेल्यावर सुटा दिसतो, म्हणून सैन्याबद्दल तसे म्हणता येते. परमाणू कितीही जवळ गेले तरी दिसत नाही. ज्यातला एकही दिसण्याजोगा नाही, त्यांचा ढीग दिसण्याजोगा कसा होईल? अवयवी नाकारलात तर काहीच दिसता कामा नये.

या वादाला पुढे काही शतके धार लागत गेली. दिङ्नागाने प्रत्यक्षाची व्याख्याच बदलली. नाव, जाती, गुण, क्रिया, द्रव्य यांची जोड ज्याला लागलेली नाही ते निखळ ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष. जोड लागली की ती कल्पना. त्याला झोडपण्यासाठी उद्द्योतकराने 'न्यायवार्तिक' लिहिले. सातव्या शतकात धर्मकीर्ती दिङ्नागाच्या मदतीला आला, कुमारिलभट्ट मीमांसकांच्या बाजूने उतरला, नंतर मिथिलेचे वाचस्पतिमिश्र आणि उदयन, काश्मिरात जयंतभट्ट. नावे मी भराभर घेते आहे, कारण मला थांबायचे आहे ते एका विशिष्ट मुद्द्यापाशी, आणि तो रंगाचा आहे.

'तर्कसंग्रहा'त रूपाचे प्रकार सात सांगितले आहेत. पांढरे, निळे, पिवळे, तांबडे, हिरवे, कपिश आणि सातवे चित्ररूप. पहिल्यांदा वाचले तेव्हा चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी अडखळले. सहा रंग समजले, पण 'अनेकरंगी' हा स्वतंत्र रंग कसा? गुरुजींनी हिशेब मांडून दाखवला. वस्त्र हा एक अवयवी. रूप हा गुण ज्या द्रव्यात राहतो ते सगळे व्यापून राहतो, हा जुन्या नैयायिकांचा सिद्धांत. वस्त्राचे काही धागे निळे, काही पिवळे. मग वस्त्राचे रूप कोणते? निळे म्हणावे तर ते सगळे व्यापत नाही, पिवळेही नाही. रूपच नाही म्हणावे तर वस्त्र डोळ्यांना दिसणार नाही, कारण रूपाशिवाय द्रव्य डोळ्याला गवसत नाही. आणि वस्त्र तर समोर दिसते आहे. तेव्हा त्या अख्ख्या वस्त्राचे मिळून एक वेगळेच रूप मानले पाहिजे.

धर्मकीर्तीने नेमके इथे बोट ठेवले. त्याने चितकबऱ्या फुलपाखराचे उदाहरण घेतले. एक आहे म्हणता तर अनेकरंगी कसे, अनेकरंगी आहे म्हणता तर एक कसे? पुढे अकराव्या शतकात विक्रमशिला विहारात रत्नकीर्तीने या एका कोड्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे, ज्ञानात उमटणारा चित्रविचित्र आकार हाच एक आणि अखंड आहे, त्याचे तुकडे मागाहून आपण पाडतो. तिकडे नवद्वीपचा रघुनाथ शिरोमणी, स्वतः नैयायिक असून, चित्ररूप मानायला तयार झाला नाही. एका वस्त्रावर जागोजागी वेगवेगळे रंग राहू शकतात, असे त्याने सरळ म्हटले. आपल्याच घराण्याचा सिद्धांत मोडण्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते.

माझे मत मी सांगते, कारण या प्रश्नावर हात गुंतलेल्या माणसालाही मत असू शकते. जुन्या नैयायिकांनी एक खरी गोष्ट पाहिली होती. रंग शेजारी आला की रंग बदलतो, हे प्रत्येक चित्रकार जाणतो. करड्या मातीचा ठिपका तांबड्याशेजारी ठेवला की हिरवट दिसतो, हिरव्याशेजारी ठेवला की तांबूस. अजिंठ्याच्या छतांवरची हंसांची आणि कमळांची नक्षी उतरवताना मुली म्हणायच्या, "बाई, वाटीतला रंग बरोबर आहे पण कागदावर तो येत नाही." तो येणारच नाही, जोवर भोवतालचे सगळे रंग येत नाहीत. पूर्ण पटलाला स्वतःचे एक रूप असते आणि ते सुट्या रंगांच्या यादीत सापडत नाही. रघुनाथाचा तर्क अधिक मोकळा आहे, तरी भिंतीसमोर उभी राहिले की मी सातव्या रंगाच्या बाजूची आहे.

आता पहिल्या लेण्यातल्या मोत्यांकडे येते. तिथले मार्गदर्शक एक प्रयोग दाखवतात. चित्रातल्या गळ्यातल्या माळेवर समोरून उजेड टाकला तर ठिपके सपाट दिसतात. विजेरी बाजूने धरली की मोती वर उचलून आल्यासारखे चकाकतात, हात लावून पाहावेसे वाटते. लोक अचंबा करतात आणि पुढे जातात. पण बौद्ध आचार्यांनी हाच अचंबा तत्त्वज्ञानाचा दृष्टांत केला होता. असंगाच्या परंपरेतल्या 'महायानसूत्रालंकारा'त म्हटले आहे की कुशल हाताने काढलेल्या चित्रात उंचवटाही नसतो आणि खळगाही नसतो, तरी दोन्ही दिसतात. भ्रमातून दिसणारे द्वैत तसेच. आणि दुसरीकडे 'विष्णुधर्मोत्तरा'चे चित्रसूत्र हाच उंचसखलपणा सपाट भिंतीवर दाखवता येणे ही चित्रकाराची खूण मानते आणि छायेसाठी वर्तनेच्या तीन पद्धती सांगते, रेषांची पत्रवर्तना, ठिपक्यांची बिंदुवर्तना अशा. एकाला जो भ्रमाचा नमुना, तोच दुसऱ्याला हुन्नर. अजिंठ्यात हे दोघे एकाच छपराखाली राहत होते. मोती रंगवणारा चित्रकार आणि चित्रात मोती नाही असे शिकवणारा भिक्षू यांचे बोलणे झालेच नसेल, हे मला पटत नाही.

धर्मकीर्तीने प्रत्यक्षाच्या व्याख्येत 'भ्रांत नसलेले' ही अट घातली आणि भ्रमाची कारणे मोजली: डोळ्यांचा तिमिर रोग, गरगर फिरवलेल्या कोलितामुळे दिसणारे अग्नीचे कडे, नावेत बसल्यावर पळताना दिसणारी काठची झाडे, शरीरातला बिघाड. त्याच्या मते खरे ते, जे काही काम करून दाखवते. पाण्याने तहान भागते, मृगजळाने भागत नाही. रंगवलेला मोती ओवता येत नाही, तेव्हा मोती म्हणून तो खोटा. पण त्या पांढऱ्या ठिपक्याने माझ्यासमोर एका वारकरी आजींचे डोळे भरून आले होते. रंग म्हणून त्याने आपले काम केले. धर्मकीर्तीच्याच मापाने तो ठिपका खरा ठरतो.

भिंतीवर जे उरलेले नाही त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सतराव्या लेण्यात कितीतरी आकृती अर्ध्या आहेत. गिलावा सुटून गेला, पाणी मुरले, एकोणिसाव्या शतकात काहींनी तुकडे कापूनही नेले. एका स्त्रीचा दंड दिसतो आणि कोपराखाली उघडा कातळ. तिथे उभे राहून मी म्हणते, "इथे हात नाही." हे मला दिसले की मी ठरवले? नैयायिक म्हणतात, दिसले. ज्या डोळ्याला जमिनीवर ठेवलेला घट दिसतो, त्याच डोळ्याला घट उचलल्यावर जमिनीवरचा घटाचा अभाव दिसतो. कुमारिलाचे मीमांसक म्हणतात, डोळ्याचा अभावाशी संबंध येणे शक्य नाही, त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण हवे. बौद्ध म्हणतात, तुम्हाला दिसतो तो नुसता कातळ, आणि हात असता तर दिसला असता, यावरून तुम्ही अनुमान करता. तिन्ही मते मी त्या दंडापाशी उभी राहून मनात घोळवली आहेत. चित्र न जाणणाऱ्या माणसाला तिथे फक्त दगड दिसतो, जाणणाऱ्याला हात नसलेला दिसतो. यात बौद्धांचे पारडे जड आहे असे माझे मन सांगते. हाताची ओळख आधी असावी लागते, आणि ओळख डोळ्यात नसते.

आणखी एक अडसर आहे, आणि तो माणसांनी घातलेला आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात शिरून खांबावरच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख खरडली, तिथून या चित्रांचा नवा इतिहास सुरू होतो. रॉबर्ट गिल याने १८४४पासून वर्षानुवर्षे नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स १८७२पासून पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे बसले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. चित्रे उजळावीत म्हणून त्या काळात काही ठिकाणी व्हार्निश लावले गेले. पुढे १९२०च्या सुमारास निजामाच्या सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारा गिलावा मोठ्या कौशल्याने जागच्या जागी बसवला, आणि चित्रांवर लाखेचा थर दिला. तो थर पुढे पिवळा, तपकिरी पडत गेला. पुरातत्त्व खात्याला तो काढण्यासाठी अनेक वर्षे खपावे लागले आहे.

म्हणजे कित्येक दशके लोकांनी पाहिला तो रंग की रंगावरची लाख? न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हीच शंका आहे. नैयायिकांच्या मते डोळ्यातून तेजाचे किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. रात्री मांजराचे डोळे चमकताना आपण पाहतो, हा त्यांचा दाखला. प्रतिपक्षी म्हणतो, काच, अभ्रक, स्फटिक यांच्यापलीकडची वस्तू दिसते, मग भिडणे कशाला हवे? उत्तर असे की काच किरणांना अडवत नाही, भिंत अडवते. दिङ्नाग या किरणांवर कडाडून तुटून पडला. डोळा जर भिडूनच पाहत असेल तर दूर असलेली वस्तू दूर दिसणार नाही, आणि एवढ्याशा डोळ्याला डोळ्याहून मोठी वस्तू गवसणार नाही. अजिंठ्याच्या समोरच्या टेकडीवरून वाघूर नदीचे नालाकृती वळण आणि त्यावरची सगळी लेणी एका दृष्टिक्षेपात दिसतात. तिथे उभे राहिले की दिङ्नागाचे म्हणणे कळते. डोळ्याच्या किरणांचे शास्त्र आज टिकत नाही, हे उघड आहे. पण पाहणारा आणि पाहिलेले यांच्यामध्ये जे असते त्याचा हिशेब द्यायला हवा, हा नैयायिकांचा आग्रह टिकून आहे. लाखेच्या थराने तो हिशेब सगळ्यांनाच द्यायला लावला.

हा वाद संपला तो कोणी हरले म्हणून नव्हे. १२००च्या सुमारास विक्रमशिला उद्ध्वस्त झाली, बौद्ध आचार्य पांगले, आणि नैयायिकांना तोडीचा प्रतिपक्षी उरला नाही. चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेशाने 'तत्त्वचिंतामणी' लिहिला, त्याचा पहिला खंड प्रत्यक्षाचाच आहे, पण त्यात वाद चालतो तो मुख्यतः मीमांसकांशी. दिङ्नागाचे ग्रंथ भारतातून नाहीसे झाले. 'आलंबनपरीक्षा' तिबेटी आणि चिनी भाषांतरांत टिकली. तिच्या एका चिनी भाषांतराचा कर्ता युआन श्वांगच आहे, ज्याने दिङ्नागाचा महाराष्ट्रातला मुक्काम नोंदवला. १९४२मध्ये अय्यास्वामी शास्त्रींनी तिबेटीवरून तिची संस्कृत पुनर्रचना करून अड्यारहून प्रसिद्ध केली. धर्मकीर्तीच्या 'प्रमाणवार्तिका'ची मूळ पोथी राहुल सांकृत्यायन यांना १९३०च्या दशकात तिबेटच्या मठांत मिळाली. जिनेंद्रबुद्धीने 'प्रमाणसमुच्चया'वर लिहिलेल्या टीकेचा पहिला अध्याय तिबेटमधल्या संस्कृत पोथीवरून २००५मध्ये छापला गेला, तेव्हा कुठे दिङ्नागाची मूळ वाक्ये पुष्कळशी हाती आली.

आपल्या महाविद्यालयांत प्रत्यक्षाचा विषय निघाला की लॉक आणि बर्कलीपासून सुरुवात होते. त्यांना वगळावे असे मी म्हणत नाही. पण जो प्रश्न बर्कलीच्या आधी बारा शतके मांडला गेला, आणि मांडणारा ज्या लेण्यांत राहिला असे मानतात ती जळगावहून एस.टी.ने दीड-दोन तासांवर आहेत, तो आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरत्या टिपणातून भेटावा, हे मला मान्य नाही. तत्त्वज्ञानाच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की वर्षातून एक तास दोघांनी मिळून अजिंठ्यात घ्यावा. 'आलंबनपरीक्षे'चे आठच श्लोक आहेत, अर्थ आदल्या दिवशी वर्गात सांगून होतो. 'तर्कसंग्रहा'तला प्रत्यक्षाचा भागही छोटा आहे. मुलांना आधी भिंत पाहू द्यावी, काय दिसले ते लिहू द्यावे, आणि मग दिङ्नाग आणि गौतम यांची गाठ घालून द्यावी. फ्लॅश वापरायला बंदी आहे, ती कटाक्षाने पाळावी. आणि फर्दापूरला सकाळी लवकर पोहोचावे, दुपारी गर्दीत कोणत्याच लेण्यात थांबू देत नाहीत. लेणी सोमवारी बंद असतात.